बाबांच्या बीपीची वही: एका आठवड्याचं काम, सहा आठवड्यांच्या नोंदी

डॉक्टरांनी सांगितलेलं काम एवढंच होतं: बाबांचं बीपी घरी सात दिवस मोजून वहीत लिहून आणा. आम्हाला त्याला सहा आठवडे लागले. यंत्र पहिल्या दिवसापासून ठीक चालत होतं, चुकत होतो ते आम्ही. ज्यांच्या घरी हे काम पुढे यायचं आहे त्यांचे तरी पाच आठवडे वाचावेत म्हणून त्या वहीशेजारी ठेवलेल्या माझ्या नोंदी इथे उतरवते आहे.

३ जून

दवाखान्यात १५२/९४ आलं. बाबा ७१ वर्षांचे, गोळी चार वर्षं चालू आहे. डॉक्टरांनी गोळी लगेच वाढवली नाही. दवाखान्यात बसलं की पुष्कळांचं चढतं, घरचे आकडे पाहिल्याशिवाय मी काही बदलणार नाही, म्हणाले. रोज सकाळी दोन रीडिंग, संध्याकाळी दोन, मध्ये एका मिनिटाचं अंतर. सकाळचं गोळी घेण्याआधी आणि खाण्याआधी.

४ जून

यंत्र आलं. मनगटावर बांधायचं छोटं घ्यावं असं वाटत होतं, पण त्यात मनगट बरोबर हृदयाच्या उंचीवर धरून ठेवावं लागतं. बाबा बोलताना दोन्ही हात वापरतात, त्यांना ते जमणार नव्हतं. म्हणून दंडाला पट्टा बांधायचं घेतलं.

खोकं उघडल्यापासून अर्ध्या तासात घरातल्या सगळ्या मोठ्यांचं मोजून झालं. बाबांचं तीनदा: १६१/९६, १४९/९१, १५५/९०. मग माझं. मग आईचं, ते १४६/८८ आलं. "हिचं काय, ही दिवसभर पळत असते, हिला काही होत नाही," असं म्हणत बाबांनी पट्टा तिच्या हातातून काढून शेजारच्या काकांच्या दंडावर बांधला. काका पेपर परत द्यायला आले होते.

बाबांचं मोजताना आई म्हणत होती, "अहो, हात सैल सोडा." बाबा म्हणत होते, "सैलच आहे." हे तिन्ही रीडिंगांच्या वेळी झालं.

६ जून

दोन दिवसांची सगळी रीडिंग बाद केली.

पहिलं कारण म्हणजे सेल घातल्यावर यंत्राचं घड्याळ लावलंच नव्हतं, त्यामुळे यंत्राच्या आठवणीत सगळं १ जानेवारीच्या मध्यरात्री घडलेलं दिसतं. दुसरं, यंत्रात दोन माणसांसाठी दोन कप्पे आहेत आणि आम्ही सगळे पहिल्याच कप्प्यात जाऊन बसलोय. काकांचे आकडे कुठले आणि बाबांचे कुठले, हे आता कोणीच सांगू शकत नाही. सगळं पुसलं, घड्याळ लावलं, पहिल्या कप्प्यावर चिठ्ठी चिकटवली: फक्त बाबा.

तिसरं कारण जास्त महत्त्वाचं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं आणि मोजताना बोलायचं नसतं. दुसऱ्याचं बोलणं ऐकून उत्तर दिलं तरी वरचा आकडा चढतो. बाबांवर करून पाहिलं. गप्प असताना १४६. मी मुद्दाम शाळेतली एक आठवण विचारली, ते रंगून सांगत होते, तेव्हा १५९. बाबांनी ३७ वर्षं शिकवलं आहे, त्यामुळे प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही असं होत नाही.

८ जून

पाच मिनिटांची शांतता आमच्या घरात मिळत नाही. मी हे गंभीरपणे सांगते आहे. काल संध्याकाळी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा दारावरची बेल वाजली. दुसऱ्यांदा आईने आतून विचारलं की तिचा चष्मा कुठे आहे, आणि ते बाबांना माहीत होतं. तिसऱ्यांदा बाबाच म्हणाले, "झाली का गं पाच मिनिटं?"

आज मुलीला पहारेकरी केलं. ती आठ वर्षांची आहे. तिच्या हातात स्वयंपाकघरातलं टायमर दिलं, बाबांचा फोन तिच्याकडे, टीव्ही बंद. ती दाराशी उभी राहते आणि कोणी तोंड उघडलं की ओठांवर बोट ठेवते. माझ्यावरही ठेवलं. पहिल्यांदाच सलग पाच मिनिटं मिळाली. रीडिंग १४३/८८ आणि १४१/८७.

नंतर तिने विचारलं की यंत्रावर पाऱ्याचे मिलिमीटर लिहिलंय तर पारा कुठे आहे. यंत्रात पारा नाही. १८९६ मध्ये रिवा-रोची या इटालियन डॉक्टरने पाऱ्याच्या नळीचं उपकरण केलं, अशा उपकरणांमुळे पारा किती मिलिमीटर चढला यावर दाब सांगायची रीत पडली. पारा गेला, माप राहिलं. बाबांनी तिला पाऊण तास हे समजावलं, अर्थात रीडिंग झाल्यावर.

९ जून

बसण्याची जागा बदलली. सोफ्यावर बाबा मागे कलून, पायावर पाय टाकून बसतात आणि हात मांडीवर पडलेला असतो. तिन्ही गोष्टी चुकीच्या. पाठ टेकलेली हवी, तळपाय जमिनीवर हवेत, पट्टा हृदयाच्या उंचीवर हवा. हात जेवढा खाली तेवढा आकडा वर: दहा सेंटिमीटरला साधारण सात-आठ. स्वतःवर तपासलं. हात टेबलावर असताना ११८, खाली लोंबत असताना १२९.

आता जेवणाच्या टेबलापाशी पाठीची सरळ खुर्ची आणि हाताखाली एक उशी. बाह्या गुंडाळून वर सरकवायच्या नाहीत, गुंडाळलेली बाही दंडाला आवळते. हात बाहीतून पूर्ण बाहेर काढायचा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, आणि बांधल्यावर आत दोन बोटं जातील एवढा सैल.

लघवीला जाऊन आल्यावरच बसायचं. हे बाबांना सांगायला मी दोन दिवस टाळाटाळ केली, शेवटी आईने सांगितलं. चहा, फिरणं किंवा जिना यांनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. बाबा फिरून आल्या आल्या मोजत होते, तेही बंद.

१२ जून

आजची नोंद लांबणार आहे.

गेल्या तीन दिवसांत वहीतले आकडे फार छान आलेत. १३०/८०, १३०/८०, १२८/८०, १३०/८०. लिहिणारे बाबाच, कारण सकाळी मी डब्यांच्या गडबडीत असते आणि पहारेकरी शाळेच्या तयारीत. खालचा आकडा चारही वेळा ८० आलेला पाहून मला शंका आली. यंत्राची आठवण उघडली.

११ जूनच्या सकाळी ६:५२ ते ७:०९ या वेळात सहा रीडिंग होती: १४७/८९, १४४/८८, १५१/९०, १४२/८६, १३९/८५, १३६/८४. वहीत होतं १३०/८०.

संध्याकाळी बाबांसमोर वही आणि यंत्र दोन्ही ठेवलं. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "शेवटचं १३६ होतं. एक-दोन गुणांसाठी मी कधी कोणाला नापास केलं नाही." आई म्हणाली, "अहो, हे सहा गुण आहेत." मग कोणीच काही बोललं नाही.

नंतर ते मला एकटीला म्हणाले की आकडा मोठा आला की गोळी वाढणार, गोळी वाढली की दादा पुन्हा स्कूटरचं काढणार, आणि एकदा किल्ली गेली की ती परत मिळत नाही. हे त्यांनी वहीकडे बघत सांगितलं.

मला हे आधी विचारायला हवं होतं. यंत्र आणलं, पट्टा कसा बांधायचा ते शिकवलं, पण वही कशासाठी आहे हे बाबांशी एकदाही बोलले नव्हते. त्यांच्यासाठी तो निकाल होता आणि निकाल घरचेच लावणार होते. आज बोललो. कमी लिहिलं तर डॉक्टर गोळी आहे तीच ठेवतील आणि खरा दाब आत तसाच राहील, हे त्यांना पटवावं लागलं नाही, शिक्षक आहेत. स्कूटरबद्दल ठरलं की वहीतल्या कुठल्याही आकड्यावरून घरात तो विषय निघणार नाही. दादाला फोन करून मीच सांगितलं.

नवा नियम: पहिली दोन रीडिंग, जी येतील ती. तिसरं घ्यायचं नाही. वही मी रात्री यंत्रातून बघून भरणार. दहा दिवसांत कामाचं रीडिंग शून्य.

१५ जून

सगळं नीट करूनही सरासरी १४६/८९ च्या आसपास. मग पट्ट्यावरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली: २२ ते ३२ सेंटिमीटर. शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि बाबांच्या दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या मधोमध मोजला. ३६.

पट्टा लहान पडला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. पट्टा पुरेपूर बसत नव्हता हे आम्हाला रोज दिसत होतं, चिकटपट्टी मध्येच करकर करत सुटत होती. "बाबा, तुमचा दंड फार भारी," असं म्हणून आम्ही ती दाबून धरत होतो. यंत्र घेण्याआधी दंड मोजायला एक मिनिट लागलं असतं.

त्याच कंपनीचा २२ ते ४२ चा मोठा पट्टा वेगळा मागवला. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळीत बसला तरी लावायचा नाही, यंत्राचं गणित त्याच्या स्वतःच्या पट्ट्यावर बेतलेलं असतं. यायला आठवडा. म्हणजे तोही आठवडा गेला.

२२ जून

मोठा पट्टा आला. एकाच सकाळी, एकाच खुर्चीत, जुना-नवा आलटून पालटून तीन-तीन रीडिंग घेतली, मध्ये दोन-दोन मिनिटं. नव्यात वरचा आकडा सरासरी सातने कमी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझे सहा गुण बरोबर होते." ते खरंच खूश झाले, मीही. पण वहीतलं ते पान खोडलेलंच ठेवलं.

उद्यापासून सात दिवस पक्के मोजायचे.

२७ जून

रात्री ९:४० ला १७८/१०४. हात थरथरत मी ते दोनदा वाचलं. दादाशी फोनवर बोलणं झालं होतं, त्याने कबूल करूनही स्कूटरचा विषय काढला होता, बाबांनी फोन ठेवला आणि स्वतःच पट्टा बांधला.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी यंत्राबद्दल काहीच विचारलं नाही. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, बोलताना जीभ अडखळते का, एका बाजूचा हातपाय कमजोर वाटतो का, दिसायला अंधुक झालंय का, असं विचारलं. यातलं काहीही असेल तर घरी पुन्हा मोजत बसायचं नाही, थेट रुग्णालय. यातलं काहीच नव्हतं. मग म्हणाले की वीस मिनिटं शांत बसवा आणि पुन्हा बघा. वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे राहिला तर त्रास नसला तरी लगेच कळवा. जादा गोळी स्वतःच्या मनाने द्यायची नाही.

दिवा मंद केला. मुलगी झोपली होती, म्हणून आई दाराशी उभी राहिली. दहा वाजून गेल्यावर १४९/८८.

दादाला सकाळी आकडा सांगितला. तो बराच वेळ गप्प होता.

३० जून

२७ चं भांडण सोडलं तरी गेला आठवडाभर आकडे हळूहळू चढतायत. २३ ला १३६, मग १३९, १४१, १४४. पट्टा तोच, खुर्ची तीच, पहारा तोच. मी सेल बदलले. काही फरक नाही.

कारण चष्म्याच्या डबीत सापडलं. पुसायचं कापड शोधताना आईला गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी मिळाली. गुडघा दुखतो म्हणून आत्याने दिलेली, "मला लगेच गुण आला" असं सांगून. बाबा २३ पासून सकाळ-रात्र एक-एक घेत होते. आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण गुडघा दुखतो म्हटलं की पुन्हा स्कूटर.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात, आणि बीपीच्या काही गोळ्यांचा परिणामही कमी करतात. मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच. डॉक्टरांनी त्या बंद करायला सांगितल्या, गुडघा दाखवायला बोलावलं आणि वहीचं काम पाच दिवस थांबवलं. सर्दीच्या गोळ्यांबद्दलही बजावलं: नाक मोकळं करणारं औषध असलेल्या गोळ्यांनीही दाब चढतो.

आत्यावर माझा राग नाही. आपल्याला बरं वाटलेलं औषध आपल्या माणसाला द्यावंसं वाटतं, त्यात माया असते. पण तिला फोन करून नीट सांगितलं. आपल्या सगळ्या नातेवाइकांत गोळ्या अशाच फिरत असतात आणि घरात यंत्र आणल्यावर मी तो ड्रॉवर एकदाही उघडून पाहिला नव्हता. आज उघडला. चौदा अर्धवट पट्ट्या निघाल्या, नऊ मुदत संपलेल्या, तीनवर नावच उरलेलं नाही.

६ ते १२ जुलै

सात दिवस झाले. ९ तारखेच्या संध्याकाळी पाहुणे होते, तिथे वहीत "घेतलं नाही" असंच लिहिलं. बाबांनीच लिहिलं.

१४ जुलै

पहिला दिवस डॉक्टर हिशोबात धरत नाहीत, त्या दिवशी माणूस बिचकलेला असतो. उरलेल्या २२ रीडिंगांची सरासरी बाबांनी स्वतः काढली, दोनदा पडताळली: १३३/८१. घरच्या सरासरीची मर्यादा १३५/८५, दवाखान्यातली १४०/९०. गोळी आहे तेवढीच राहिली. ३ जूनच्या त्या एका आकड्यावर ती वाढली असती.

दोन गोष्टी आमच्या राहून गेल्या होत्या. सुरुवातीला दोन्ही हातांचं मोजून जो हात जास्त दाखवतो तोच पुढे धरायचा असतो. आम्ही डावा धरला, कारण टेबल त्या बाजूला होतं. डॉक्टरांनी दोन्हीचं मोजलं, उजव्यात चार जास्त, तेवढा फरक चालतो, पण आता उजवा. दुसरं, बाबांना उठताना कधीतरी गरगरतं हे आईने सांगितलं. उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोजलं, वरचा आकडा बाराने उतरला. वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर काळजीचं. तरी पलंगावरून उठताना आधी मिनिटभर कडेला बसा, असं सांगितलं.

आता रोज मोजायचं नाही. दवाखान्यात जायच्या आधीचा आठवडा फक्त. रोज दहादा मोजून कोणाचं बीपी उतरत नाही.

स्कूटरचं बाबांनीच विचारलं. डॉक्टर म्हणाले बीपीमुळे अडचण नाही, गुडघा बरा होईपर्यंत थांबा. किल्ली बाबांनी स्वतः खिळ्याला अडकवली आहे.

१७ जुलै

परवा वही आवरताना ४ जूनचं पान दिसलं. आईचं १४६/८८. उभ्या उभ्या, बोलता बोलता घेतलेलं, बाबांच्या आकड्यांबरोबर मी तेही खोडलं होतं. बाबांची रीडिंग आम्ही त्यानंतर शंभरावर घेतली. आईचं पुन्हा कोणी मोजलं नाही, तिने स्वतःही नाही, आणि वही रोज तिच्या हाताखालून जात होती.

तिचा दंड २७ सेंटिमीटर. जुना पट्टा तिला बरोबर बसतो. यंत्राचा दुसरा कप्पा तिला दिला, वहीची मागची बाजू उलटून तिचं पान सुरू केलं. १५ आणि १६ ची सरासरी १४४/८९. सात दिवस पूर्ण करून २४ ला दाखवायला जायचं ठरवलं आहे.

तिला बसवणं बाबांपेक्षा अवघड आहे. काल पाच मिनिटांत दोनदा उठली, एकदा गॅस बघायला, एकदा गॅस बघितला का ते बघायला. आज सकाळी मुलगी झोपलेली, म्हणून टायमर बाबांच्या हातात होतं. पट्ट्यात हवा भरायला लागल्यावर बाबा म्हणाले, "अगं, बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय?" आई म्हणाली.

ते रीडिंग धरलं नाही. ७:१० ला पुन्हा बसवलं.